दोन ठोके

दादांनी गोष्टीला सुरुवात केली तशी धाकटी चमचा उचलायला टेबलाखाली वाकली. चमचा पडलेलाच नव्हता. कंपनीच्या वाढदिवसाला, जेवणं उरकली की, ती दरवर्षी अशीच वाकते हे मोठ्या जावेच्या केव्हाच लक्षात आलं होतं. पण केस पिकत आले तरी या घरात तिचं नाव धाकटीच राहिलं होतं, आणि धाकटीच्या तऱ्हांकडे लक्ष द्यायचं नाही हे सगळ्यांनी न ठरवता ठरवलेलं होतं.

"सकाळपासून वारा होता," दादा म्हणाले. दादा म्हणजे तिचे थोरले दीर, उंचावर काम करणाऱ्यांसाठी पट्टे बनवणाऱ्या कंपनीचे मालक, आणि वडील, म्हणजे आप्पा, गेल्यापासून त्यांच्या गोष्टीचेही मालक. "खाली तीन व्यापारी उभे. तोंडावर अविश्वास. आप्पा तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत चढले. अंगावर स्वतः शिवलेला पट्टा. एक माणूस, एक पट्टा, एक दोर. त्यांनी खाली पाहिलं. हसले. आणि हात सोडले."

ठक ठक. सगळ्यांच्या मुठी टेबलावर दोनदा पडल्या. हा घराचा रिवाज. आप्पांनी हात सोडले की दोन ठोके द्यायचे. इथली पोरं बोलायच्या आधी ठोके द्यायला शिकत. दोनच का, असं नवी नवरी असताना धाकटीने विचारलं होतं, तेव्हा दादा म्हणाले होते, एक आप्पांसाठी, एक कंपनीसाठी. सासूबाई म्हणाल्या होत्या, अगं, असतं ते.

टेबलाखाली मात्र धाकटीला नेहमीचंच दिसलं. वर ठोके पडत असताना आत्यांचे हात मांडीवर होते आणि ते हळूहळू मिटत होते. एक पुढे, एक मागे, मधून काहीतरी जात असल्यासारखे. ती वर आली तर आत्या चारचौघांसारख्याच कौतुकाने हसत होत्या.

आत्या म्हणजे आप्पांची पाठची बहीण. त्या दिवशीच्या माणसांपैकी आता एवढ्या एकट्याच उरल्या होत्या. कंपनीने एका लेखकाला बसवून आप्पांचं जे गुळगुळीत पुस्तक काढलं होतं, त्यात आत्यांच्या वाट्याला एक वाक्य आलं होतं: बहिणीने सर्वांसाठी चहा केला.

"काय आकाश होतं त्या दिवशी!" धाकटीचा नवरा म्हणाला. "निळंशार. आप्पांचा शर्ट वाऱ्याने असा फुगला होता."

"अहो, तुमचा जन्म तरी झाला होता का तेव्हा?"

"नव्हता झाला," तो शांतपणे म्हणाला. "पण मला आठवतं ना."

कुणी हसेल म्हणून धाकटीने इकडेतिकडे पाहिलं. कुणी हसलं नाही. "मलासुद्धा आठवतं," मोठी जाऊ म्हणाली, जी या घरात त्यानंतर कितीतरी वर्षांनी आली होती. "शर्ट पांढरा होता."

 एरवी धाकटी हे हसण्यावारी नेई, पण आज तिचा मुलगा त्याच खिडकीतून उडी मारणार होता.

मुलाला घरात भिंगऱ्या म्हणत. लहानपणी एका जागी टिकत नसे म्हणून. मोठा होऊनही फारसा फरक पडला नव्हता. उंच इमारतींच्या काचा पुसणाऱ्यांसाठी त्याने एक कडी बनवली होती. माणूस घसरला की ती आपोआप दोर पकडते. कडी चांगली होती, हे धाकटीलाही मान्य होतं. पण कडीबरोबर त्याने पुस्तकंही जमवली होती. कुणी नोकरी सोडून कंपनी काढली, कुणी घर विकून, कुणाला सगळ्यांनी वेड्यात काढलं आणि मग तोच सगळ्यांचा बाप निघाला. उशाशी तीच, पायथ्याशी तीच. आणि सगळ्यांच्या वर आप्पांचं पुस्तक. त्यातूनच त्याला सुचलं होतं. आज चार वाजता गुंतवणूक करणारे पाहुणे येतील, तेव्हा आजोबांच्याच खिडकीतून, तसंच. आज जमलं की पुढच्या आठवड्यात एका विसाव्या मजल्यावरून.

"आई, पुन्हा सुरू करू नकोस," भिंगऱ्या म्हणाला.

"मी कुठे काय बोलले?"

"तू नाही, तुझी पेन्सिल बोलते." तो दादांकडे वळला. "काका, ही माझ्या पुस्तकांत समासात लिहून ठेवते. एकाने लिहिलंय, मी कुणाचं ऐकलं नाही म्हणून इथवर आलो. त्याच्यासमोर हिने लिहिलं, ज्यांनी नाही ऐकलं ते बाकीचे कुठे आहेत?"

"कुठे आहेत?" दादांनी हसत विचारलं.

"माझ्याकडे," धाकटी म्हणाली. ती हाडांच्या दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट होती. पडलेल्या, मोडलेल्या माणसांना पुन्हा चालायला शिकवणं हे तिचं काम. "बाहेर बाकड्यावर बसलेले असतात. त्यांचं पुस्तक कुणी काढत नाही."

"झालं! अपशकुनी बोल."

"दादा, मला ती पुस्तकं आवडतात हो. माणूस धडपडतो ते खरंच असतं, त्याला का नावं ठेवू? फक्त वाचताना एवढं विचारावं की, बाबा रे, तू उडी मारलीस तेव्हा खोलीत आणखी कोण होतं?"

"कुणी नव्हतं," दादा म्हणाले. "एक माणूस, एक पट्टा, एक दोर."

"आत्या होत्या ना. आत्या, तुम्ही कुठे होतात त्या दिवशी?"

आत्यांनी मान वर केली. "सकाळपासून वारा होता," त्या म्हणाल्या. "खाली तीन व्यापारी उभे. तोंडावर अविश्वास." शब्द पुस्तकातले होते, पण थांबे दादांचे होते. जिथे दादा श्वास घेत तिथेच त्यांनीही घेतला. "आणि मी चहा केला."

"कुठे केला चहा?"

आत्या तिच्याकडे बघत राहिल्या. पाठ केलेल्या धड्याच्या पलीकडचं विचारलं की मूल बघतं, तशा. "चहा केला," त्या पुन्हा म्हणाल्या.

"इमारतीत तेव्हा नळ नव्हता," मोठी जाऊ एकदम म्हणाली. दादांनी तिच्याकडे पाहिलं. "नव्हता ना. मी आले तेव्हाही पाणी समोरून आणावं लागायचं. मी आपलं सांगितलं." आणि ती बशा गोळा करायला उठली.

विषय बदलायला दादांनी दोराचं काढलं. "तुझा तो करडा दोर मी बदलला बरं का, भिंगऱ्या. मळकट दिसत होता. पुस्तकातल्या चित्रात आप्पांचा दोर पांढराशुभ्र आहे. अगदी तसाच आणवलाय. फोटो कसा उठून दिसेल!"

"कडी कुठल्याही दोरावर धरते," भिंगऱ्या म्हणाला.

"धरून पाहिलीस?" धाकटीने विचारलं.

"करड्यावर कितीतरी वेळा. वाळूची पोती टाकून."

"आणि पांढऱ्यावर?"

भिंगऱ्याने पाणी प्यायला घेतलं. धाकटीने नवऱ्याकडे पाहिलं. कारखान्यात दोर तपासणं हे त्याचंच खातं. पण तो भिंतीवर टांगलेल्या, पुस्तकातल्या त्याच चित्राकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर तेच निळंशार आकाश होतं. या माणसाशी आत्ता बोलण्यात अर्थ नाही हे तिला कळलं. 

जिन्याखाली मोठ्या जावेने तिला गाठलं आणि तिच्या मुठीत किल्ली कोंबली. "वरची खोली पाहुणे आल्यावर उघडणार आहेत. तू आत्ताच चल. एक दाखवायचंय."

आप्पांची खोली आता प्रदर्शनासाठी सजवलेली होती. आप्पांचं शिवणयंत्र म्हणून जे ठेवलं होतं ते जुन्या बाजारातलं होतं. खुर्चीही तिथलीच. तरी या खुर्चीवर आप्पांच्या मांडीवर बसल्याचं दादांना स्पष्ट आठवे. अस्सल काही असेल तर ती खिडकी आणि भिंत. जावेने खिडकीखाली ठेवलेली कुंडी बाजूला सरकवली.

जमिनीपासून वीतभर उंचीवर भिंतीत दोन खळगे होते. शेजारी शेजारी, वरून रंग बसलेला.

"तीनदा बुजवून घेतले मी," जाऊ म्हणाली. "वर्ष जात नाही तो पुन्हा उघडतात. गवंडी म्हणतो, ओल असेल. आता मला सांग, ओल कधी अशी जोडीने येते का?"

धाकटी खाली बसली आणि तिने आपले पाय पुढे केले. टाचा नेमक्या खळग्यांत बसल्या. आपण काय करतोय हे कळायच्या आतच तिची पाठ मागे रेलली होती, काहीतरी ओढून धरल्यासारखी. तिने पाय झटकन काढून घेतले.

"आत्यांना वर आणा," ती म्हणाली. "आणि तो करडा दोर कुठे टाकलाय तो."

आत्या दम खात वर आल्या. खिडकी पाहून त्या हसल्या आणि म्हणाल्या, "सकाळपासून वारा होता." धाकटीने काहीच विचारलं नाही. दवाखान्यात ती हेच करी. माणूस तोंडाने काहीही सांगो, ज्या कामाची अंगाला सवय असते ते काम त्याच्या हातात द्यायचं आणि अंग काय करतं ते बघायचं. तिने करड्या दोराचं टोक आत्यांच्या हातात दिलं.

आत्यांचं हसू थांबलं. दोर त्यांनी पाठीमागून कमरेभोवती घेतला, एक हात पुढे, एक मागे. मग, गुडघे दुखतात म्हणून स्टूलसुद्धा उंच मागणारी ती म्हातारी सरळ जमिनीवर बसली आणि तिने दोन्ही टाचा खळग्यांत रोवल्या. मान खिडकीकडे. उजवी टाच उचलून तिने लाकडी जमिनीवर दोनदा आपटली. ठक ठक.

"धरलंय," त्या म्हणाल्या. "जा."

आवाज एका तरण्या मुलीचा होता. मोठ्या जावेने तोंडावर हात ठेवला.

"आत्या," धाकटी कुजबुजली, "दोन दोर होते?"

आत्यांनी हातातल्या दोराकडे पाहिलं आणि तो कुणी दुसऱ्यानेच दिल्यासारखा खाली ठेवला. "मी चहा केला," त्या म्हणाल्या, आणि उठायला हात पुढे केला.

तो तळहात धाकटीने उलटा करून पाहिला. मधोमध एक गुळगुळीत, चकचकीत पट्टा होता. तिथे रेषाच नव्हत्या.

चारला अंगण भरलं. पाहुणे, कामगार, फोटोवाला. दादा खालून हात करत होते. वर खोलीत भिंगऱ्या खिडकीत चढला आणि धाकटीने मागून त्याच्या पट्ट्यात करडा दोर अडकवला.

"आई! एका दोरावर म्हटलं तर एकाच."

"खालून दिसणार नाही. भिंतही करडीच आहे."

"तुझ्या समाधानासाठी हां," तो कुरकुरला. "पण लागणार नाही तो. आणि पुढच्या आठवड्यात हे नाटक नाही चालणार."

तेवढ्यात पांढऱ्या दोराची गाठ तपासायला नवरा वर आला. धाकटी टाचा रोवून बसली होती. "अहो, माझ्या मागे बसा आणि धरा," ती म्हणाली. दवाखान्यात ज्या आवाजात ती मोडक्या माणसांना उभं करी तोच आवाज होता, त्यामुळे नवरा मुकाट्याने बसला. कोपऱ्यात बाजारातल्या खुर्चीवर आत्या बसल्या होत्या.

खाली दादांनी गोष्ट सांगायला सुरुवात केली. "सकाळपासून वारा होता..." आणि खरंच, दुपारभर पडलेला वारा सुटला. भिंगऱ्याचा शर्ट फुगला. पांढरा शर्ट त्याने कधी घातला हे धाकटीने पाहिलंच नव्हतं.

तिने टाच दोनदा आपटली. भिंगऱ्याने क्षणभर मान वळवली, आवाज कुठून आला ते बघायला, आणि हात सोडले.

पांढरा दोर चौकटीवरून सळसळला आणि सळसळतच राहिला. कडीने धरायला हवं होतं ते धरलं नाही. मग करडा दोर धाकटीच्या तळहातांतून आग लागल्यासारखा धावला. ती किंचाळली की काय ते तिला कळलं नाही. पाठीमागे नवऱ्याचं कण्हणं ऐकू आलं. टाचा भिंतीत रुतल्या. आणि दोर थांबला. खाली कुठेतरी खट्ट झालं. भार हलका झाल्यावर कडीने आता कुठे दोर चावला होता.

अंगणातून टाळ्यांचा पाऊस पडला, आणि त्यात भिंगऱ्याचा आनंदाने फाटलेला आवाज: "धरलं! कडीने धरलं!"

धाकटीने डोळे मिटून घेतले. तो जिवंत होता. त्या क्षणी तिला दुसरं काही नको होतं.

ती खाली आली तेव्हा चहा सुरू झाला होता. नवरा तिच्याआधीच पोचला होता आणि एका पाहुण्याला सांगत होता, "मी इथेच उभा होतो ना, या खांबापाशी. काय आकाश होतं! एकच दोर, आणि पोरगा हवेत."

"अहो," धाकटी म्हणाली, "तुमचे हात बघा."

त्याने हात बघितले. कातडी सोलून निघाली होती. "अरेच्चा," तो म्हणाला. "हे कधी झालं?" त्याच्या आवाजात खोटेपणाचा लवलेश नव्हता. तो खोटं बोलत असता तर तिला इतकी भीती वाटली नसती.

सगळे लांब टेबलाभोवती जमले. आता गोष्ट भिंगऱ्याने सांगायची होती. तो सांगू लागला, आणि दादांचे थांबे त्याच्या तोंडी आपसूक येऊन बसले. वारा. अविश्वास. एक माणूस, एक कडी, एक दोर. पुढच्या आठवड्यात विसावा मजला, तेव्हाही एकच. "मी खाली पाहिलं. हसलो. आणि हात सोडले."

ठक ठक. धाकटीच्या हातांतून कळ गेली तेव्हा तिला समजलं की आज आपणही ठोके दिले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आणि त्याहून वाईट म्हणजे, तिला आठवत होतं. ती खांबापाशी उभी होती. पोरगा निळ्याशार आकाशात लोंबकळत होता, शर्ट फुगलेला, मागे दुसरा दोर नाही. तिने डोळे चोळले तरी ते जाईना. फक्त तळहातांची आग त्या चित्रात कुठे बसत नव्हती.

"लाव," शेजारून आत्या म्हणाल्या. त्यांनी पिशवीतून मलमाची ट्यूब काढून पुढे केली होती. आवाज ना दादांचा होता, ना पुस्तकातला. म्हातारा, थकलेला, त्यांचा स्वतःचा. "पहिल्यांदा हात दुखतात. मग दुखायचे थांबतात. मग काहीच झालेलं नसतं."

"तुम्ही लावलं होतं?"

"आप्पाला खरंच वाटलं होतं गं, पट्ट्याने धरलं म्हणून. किती खूश होता. कशाला त्याचा विरस करायचा? म्हणून लावलं."

धाकटीने ट्यूब त्यांच्या हातात परत ठेवली. "मी नाही लावणार, आत्या. पुढच्या आठवड्यात खोलीत मी नसणार."

आत्यांनी मान वर करून जिन्याकडे पाहिलं.

धाकटी उठली आणि पाहुण्यांच्या गराड्यातून वाट काढत मुलापाशी गेली. तिने काही न बोलता हात पुढे केला, परक्या माणसासारखा. भिंगऱ्याने हसत तो हातात घेतला, दाबला, आणि त्याचं हसू गेलं. त्याने हात उलटा केला. तळहातावर आडवा, ओला, लाल पट्टा होता. दोराच्या जाडीचा.

"फोटोवाल्यासाठी पुन्हा एकदा होऊन जाऊ दे!" दादा ओरडले. "शेवटचं वाक्य!"

भिंगऱ्या हातावरची नजर न काढता म्हणाला, "मी खाली पाहिलं. हसलो. आणि..."

सगळ्यांच्या मुठी वर गेल्या. त्याच्या तोंडून पुढचे शब्द येईनात. मुठी तशाच हवेत राहिल्या, खाली कशा आणायच्या ते कुणालाच कळेना. नवऱ्याची सोललेली मूठही त्यांत होती. 

आणि वरच्या मजल्यावरून, लाकडी जमिनीवरून, स्वच्छ ऐकू आलं. ठक ठक.

सगळ्यांनी छताकडे पाहिलं. मोठ्या जावेने तेवढं टेबलाच्या टोकाकडे पाहिलं. आत्यांची खुर्ची रिकामी होती. खुर्चीवर मलमाची ट्यूब होती.

"हे मी ऐकलं होतं," भिंगऱ्या हळूच म्हणाला. "हात सोडायच्या आधी." त्याने आईचा हात अजून धरलेलाच होता.

"खोलीत कोण कोण होतं, आई?"